खालून वर वाचा, बेन

मोटाभाई माझ्या नात्यातले नाहीत. आम्ही रत्नागिरीकडचे, ते कंपाल्याहून लेस्टरला आलेले गुजराती. माझ्या व्यवसायात त्यांनी पैसा घातला नाही. माझ्या हातचं फारसं खाल्लंही नाही, कारण कांदा-लसूण त्यांना चालत नाही. जुनी गाडी विकत घेण्याआधी तिच्या तपासण्यांचा इतिहास कसा वाचायचा, एवढंच त्यांनी मला शिकवलं. पण माझा डब्यांचा आणि फराळाचा व्यवसाय ज्या गाडीवर उभा राहिला, ती गाडी मला या शिकवणीमुळे मिळाली. म्हणून त्यांच्याविषयी लिहायचं आहे.

गाड्या मी लहानपणापासून पाहत आले होते. वडिलांची मॅटाडोर होती. हंगामात आंब्याच्या पेट्या वाशीला जायच्या आणि एरवी मिळेल ते भाडं. दरवर्षी तिचं पासिंग असायचं. त्याच्या आधीचे दोन दिवस घरात लगीनघाई असे. पत्रा घासून रंगाचा हात मारायचा, रिफ्लेक्टरच्या लाल-पिवळ्या पट्ट्या लावायच्या, बल्ब बदलायचे. कुणी कुणी त्या दिवसापुरते चांगले टायर उसने आणत आणि संध्याकाळी परत करत. पासिंग झालं की गाडीला हार घालायचा. गाडी 'पास' असणं म्हणजे कागद हातात असणं, हीच समज घेऊन मी मोठी झाले आणि तीच घेऊन इंग्लंडला आले.

इथे आधी घरच्या स्वयंपाकघरातून डबे सुरू केले. कौन्सिलकडे नोंदणी झाली, तपासनीस येऊन ओटे, फ्रिज आणि हात धुण्याची जागा पाहून गेले. मग मंडळाच्या गणेशोत्सवाचं जेवण आलं, दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी आल्या. नवऱ्याच्या छोट्या गाडीत मागची सीट पाडून पातेली न्यायची आणि वळणावर आमटी सांडली की त्याने गप्प बसायचं, असं बरेच दिवस चाललं. 2018च्या हिवाळ्यात ठरवलं, जुनी का होईना, पण व्हॅन घ्यायची. दोन हजार पौंडांच्या आसपास बजेट होतं. ते सगळं साठवलेलं होतं, उसनं काही नव्हतं.

एक जाहिरात मनात भरली. 2008ची पांढरी डिझेल व्हॅन, बाहेरून चकचकीत, आणि ठळक अक्षरांत 'एमओटी पूर्ण बारा महिने'. एमओटी म्हणजे इथली वार्षिक तपासणी. गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी करावी लागते. मला वाटलं, कालच पासिंग झालेली गाडी, आणखी काय बघायचं? शेजारच्या गुजराती बाई म्हणाल्या, पैसे देण्याआधी मोटाभाईंना विचार. ते आयुष्यभर मेकॅनिक होते आणि पुढे एमओटी टेस्टर म्हणून निवृत्त झाले होते. मेल्टन रोडला लागून असलेल्या एका गल्लीत राहायचे. मी भीतभीत गेले. वाटलं होतं, ते कोट चढवतील, गाडी बघायला येतील आणि बॉनेट उघडून कानोसा घेतील. त्यांनी नुसता गाडीचा नंबर मागितला.

तो नंबर त्यांनी सरकारी संकेतस्थळावर टाकला आणि टॅब्लेट माझ्यापुढे सरकवला. त्या गाडीची एकूण एक तपासणी तिथे होती. तारीख, त्या दिवशीचे मैल, पास की नापास, आणि खाली टेस्टरने लिहिलेले शेरे. 2005 पासूनची ही नोंद इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समधल्या गाड्यांसाठी कुणालाही फुकट बघता येते, हे मला माहीत नव्हतं. मालकाची परवानगी लागत नाही, त्याला कळतही नाही. मी सगळ्यात वरची, ताजी नोंद वाचली. पास होती, एकही शेरा नव्हता. मी खूश.

"खालून वर वाचा, बेन," ते म्हणाले. नवी नोंद वर असते, पण गाडीचं वय खालून सुरू होतं. त्यांनी जुनी चोपडी दिली आणि मला एकेक वर्ष लिहून काढायला लावलं. 2011, पहिली तपासणी, पास. पुढची दोन वर्षं पास, टायर झिजत आल्याचे किरकोळ शेरे. 2014ला शेरा आला की मागच्या ब्रेकच्या पाइपला थोडा गंज आहे. 2015ला पुन्हा तोच, आणि आता 'थोडा' हा शब्द गेलेला. 2016ला काही नाही. 2017 आणि 2018लाही काही नाही.

"हा पाइप कुठे गेला?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, बदलला असेल.

"असेल. मग पावती असेल, नाहीतर मालकाला आठवत तरी असेल. विचारा त्याला. गंज अपने आप ठीक नहीं होता."

मग त्यांनी मैलांच्या रकान्यावर बोट ठेवलं. दरवर्षी अठरा-वीस हजार मैल पळणारी गाडी एका वर्षी जेमतेम चार हजार पळाली होती. तेही निर्दोष असू शकतं, मालक आजारी पडला असेल, धंदा मंदावला असेल. मीटर मागे फिरवलाच असेल असं म्हणायला ते तयार नव्हते. त्यांच्या बोलण्यात आरोप कधीच नसायचा, प्रश्न असायचा. तरी सगळ्यात जास्त खटकलं ते शेवटच्या तीन वर्षांचं कोरेपण. दहा वर्षांची, लाखावर मैल पळालेली मालवाहू गाडी, आणि तिचा एकही टायर झिजलेला नाही, एकही रबरी बुश सैल नाही? एकतर मालक देवमाणूस असला पाहिजे, नाहीतर टेस्टरने पाहिलं नाही, किंवा पाहिलं आणि लिहिलं नाही.

तरी मी हट्टाने त्यांना गाडी पाहायला नेलं. विक्रेत्याशी बोलण्याआधी मोटाभाईंनी बॉनेटवर हात ठेवला. ते गरम होतं. म्हणजे थंड इंजिन कसं सुरू होतं ते आम्हाला दिसणार नव्हतं. गुडघ्याखाली गोणपाट टाकून त्यांनी टॉर्च मारला. गाडीच्या पोटाला नुकताच काळा, डांबरासारखा लेप दिला होता. असा लेप गंज येऊ नये म्हणूनही देतात आणि आलेला झाकायलाही देतात. एमओटीच्या टेस्टरला काही खोलून बघायची मुभा नसते. डोळ्यांना दिसेल आणि हाताला लागेल तेवढंच तो तपासतो. इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स चांगले आहेत की नाहीत हे तर त्या तपासणीत येतच नाही. मोटाभाईंनी पाइपाबद्दल विचारलं. विक्रेत्याला ठाऊक नव्हतं आणि पावत्याही नव्हत्या. "थँक यू" म्हणून आम्ही निघालो. परत येताना ते म्हणाले, एमओटीचा कागद फक्त त्या एका दिवसाबद्दल बोलतो. त्या दिवशी गाडी किमान नियमांत बसली. दुसऱ्या दिवशीची हमी त्यात नसते.

माझ्या वडिलांच्या पासिंगची गोष्ट मी त्यांना तेव्हा सांगितली. ते खूप हसले. मग म्हणाले, इथेही वेगळं काही नव्हतं. 1960मध्ये अर्नेस्ट मार्पल्स हे वाहतूक मंत्री असताना ही तपासणी सुरू झाली, तेव्हा दहा वर्षांहून जुन्या गाड्यांचे फक्त ब्रेक, दिवे आणि स्टिअरिंग बघत. 1967मध्ये ही मर्यादा तीन वर्षांवर आली. पण निकाल हाताने लिहिलेल्या कागदावर असायचा आणि त्याची प्रत गॅरेजच्या कपाटात. नवा मालक मागच्या वर्षीचा कागद मागणार कुणाकडे? संगणक आला तेव्हा आधीच्या टेस्टरने काय पाहिलं ते नंतरच्या माणसाला दिसायला लागलं. मोटाभाई याला फार मोठी गोष्ट मानत. भारतात आजही फिटनेसचा कागद कुठवर चालतो ते कळतं, पण दहा वर्षांत तपासणाऱ्याला काय काय दिसलं, ते घेणाऱ्यासमोर असं उलगडत नाही. माझ्या वडिलांनी ती मॅटाडोर जुनीच घेतली होती, दुसऱ्या ड्रायव्हरच्या शब्दावर.

मग मी रोज रात्री डबे धुऊन झाले की नंबर टाकून वाचत बसू लागले. सुरुवातीला शब्दच कळत नसत. 'निअरसाइड' म्हणजे पदपथाकडची, डावी बाजू. 'ऑफसाइड' म्हणजे ड्रायव्हरची. टायरच्या खाचा 1.6 मिलिमीटरच्या खाली गेल्या की नापास. 20 मे 2018 पासून दोषांच्या नव्या पायऱ्या आल्या. डेंजरस असेल तर दुरुस्त झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणायचीच नाही. मेजर असेल तर नापास. मायनर असेल तर पास, पण लवकर दुरुस्त करा. आणि या सगळ्यांच्या खाली ॲडव्हायजरी, म्हणजे दोष अजून झालेला नाही, पण लक्ष ठेवा. मोटाभाई म्हणत, नापासाकडे सगळेच बघतात, तुम्ही ॲडव्हायजरी बघा. नापास झालेला मालक दुरुस्ती करतोच, त्याला गत्यंतर नसतं. ॲडव्हायजरीनंतर तो काय करतो, त्यावरून त्याची ओळख पटते.

दोन तपासण्यांच्या मध्ये एखादं वर्ष रिकामं दिसलं, तर गाडी रस्त्यावर नव्हती अशी मालकाने नोंद केली होती का, तेही विचारायचं. लॉगबुकावर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, नाव असलेला माणूस कायद्याने गाडीचा मालक असतोच असं नाही, म्हणून गाडीवर कर्ज बाकी आहे का, अपघातात विमा कंपनीने ती मोडीत काढली होती का, हे पैसे देऊन वेगळं तपासायचं. चासीवरचा नंबर कागदाशी ताडून बघायचा. हे सगळं महत्त्वाचंच आहे, पण कुणीही सांगेल. मोटाभाईंची विद्या त्या शेऱ्यांमध्ये होती.

जी व्हॅन शेवटी घेतली, तिचा इतिहास बघून माझ्या नवऱ्याने हात जोडले होते. 2010ची गाडी. 2014ला बल्ब आणि टायरवरून नापास. 2016ला ब्रेक दोन्ही बाजूंना सारखे लागत नाहीत म्हणून नापास. 2017ला दाराखालच्या पट्टीला, म्हणजे सिलला, भोक पडेपर्यंत गंज म्हणून नापास. शिवाय दरवर्षी शेऱ्यांची रांग. मी तो नंबर मोटाभाईंना नुसता गंमत म्हणून दाखवला होता. ते बराच वेळ वाचत राहिले. मग चोपडी ओढली आणि स्वतः लिहायला बसले. एका वर्षी ज्याचा शेरा, पुढच्या वर्षी तो दोष नाहीसा. 2015ला बॉल जॉइंट किंचित सैल, 2016ला नाही. 2016ला ब्रेकच्या पाइपाला गंज, 2017ला नाही. "पण पहिल्या गाडीतही शेरे नाहीसेच झाले होते," मी म्हटलं. मला वाटलं, आता मी त्यांना पकडलं.

"तिथे सगळे एकदम गेले, बेन. इथे जुना जातो आणि नवा येतो. कोई देख रहा है."

मालक एक वयस्क प्लंबर होते. हात टेकवला तर बॉनेट गार. पावत्यांची फाइल त्यांनी न मागता पुढे केली. त्यात पाइप बदलल्याची पावती होती, सिलच्या वेल्डिंगचीही होती. लॉगबुकावरचा अकरा आकडी क्रमांक घातला की कोणती तपासणी कुठे झाली तेही दिसतं. ती सगळी एकाच ठिकाणी झाली होती. दर वर्षी तिथल्याच कुणीतरी, मागचं लक्षात ठेवून, हीच गाडी खालून पाहिली होती. मोटाभाईंनी वेल्डिंग अंगठ्याने दाबून पाहिलं, रुमालात गुंडाळलेलं फ्रिजवरचं लोहचुंबक काढून सिलवर ठिकठिकाणी लावलं. पुटी भरलेली असती तर ते चिकटलं नसतं. मागच्या बाजूची प्लायवूडची फळी उचलून खालचा पत्रा पाहिला. चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवरचे सगळे दिवे आधी लागतात आणि मग विझतात, हे त्यांनी मला बघायला लावलं, कारण बिघाड दाखवणारा दिवा मुळात लागलाच नाही, तर तो विझलाय याला अर्थ नाही. गाडी घेतली. तिच्यावर ओरखडे होते, एका दाराचा पांढरा रंग बाकीच्यांहून वेगळा होता. पहिल्या गाडीच्या शेजारी उभी केली असती तर मी हिच्याकडे वळूनही पाहिलं नसतं.

मोटाभाई स्वतःबद्दल कमी बोलत. 1972मध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत युगांडा सोडायला सांगितलं, तेव्हा ते शाळकरी होते. वडिलांचं कापडाचं दुकान तिथेच राहिलं. इथे येऊन शिकाऊ म्हणून गॅरेजमध्ये लागले. एकदा पाडव्याला घरी आले असताना मी विचारलं, शेरे लिहिल्याबद्दल गिऱ्हाईक कधी भांडलं नाही का? ते म्हणाले, नेहमीच. पास केलीस ना, मग हे खाली कशाला लिहितोस, असंच सगळे म्हणत. मग जरा थांबून त्यांनी एक गोष्ट सांगितली. एका ओळखीच्या माणसाला गाडी विकायची होती. गाडी नियमाने पास होत होती, फक्त पाइपाचा शेरा लिहायला हवा होता. त्याने गळ घातली आणि मोटाभाईंनी तो लिहिला नाही. गाडी विकली गेली. महिन्याभराने ती त्यांना त्यांच्याच गल्लीत उभी दिसली, मागच्या काचेला लहान मुलांसाठी उन्हाचा पडदा लावलेला. "मग?" मी विचारलं. मग काही नाही. एका रविवारी ते त्या घरी गेले, सहज दिसलं म्हणून सांगितलं आणि स्वतःच्या पैशाने पाइप बदलून दिला. खरं कारण त्या लोकांना त्यांनी कधी सांगितलं नाही. मलाही त्यांनी ते का सांगितलं, यावर मी पुष्कळ विचार केला आहे.

त्या दिवसापासून शेरे वाचताना त्यामागे मला माणूस दिसू लागला. माझ्या गाडीच्या पोटाखाली थंडीत उभं राहून 'किंचित सैल' असं लिहिणारा तो टेस्टर मी कधी पाहिला नाही. त्याने ते माझ्यासाठी लिहिलं नव्हतं. त्याच्याही ऋणात मी आहे.

2020च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं. एमओटीला सरकारने सहा महिन्यांची मुदतवाढ दिली. (त्या वर्षीचं खिंडार कुणाच्या नोंदीत दिसलं तर घाबरू नका.) जूनच्या शेवटी तर देशातला पहिला स्थानिक लॉकडाउन आमच्या लेस्टरवर लागला. व्हॅनमधून एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना डबे पोचवत होते. त्यात एक डबा मोटाभाईंचा, बिनकांद्याचा. दारात ठेवायचा, मागे सरकायचं आणि त्यांनी खिडकीतून हात करायचा. माझी एमओटीची तारीख पुढे गेल्याचं मी त्यांना आनंदाने फोनवर सांगितलं. ते म्हणाले, मुदतवाढ कागदाला मिळाली आहे, ब्रेकला नाही. मग फोन स्पीकरवर ठेवून त्यांनी माझ्याकडून तपासणी करून घेतली. टायरच्या खाचेत वीस पेन्सचं नाणं उभं करून त्याची कड बुडते का बघितलं. नवरा ब्रेक दाबत होता आणि मी मागे उभी राहून दिवे बघत होते. एक लागत नव्हता. आधी वायपर, मग ब्रेक ऑइलची पातळी आणि शेवटी आडवं होऊन पाइप. "गंज दिसतो?" त्यांनी विचारलं. दिसत होता, थोडा. हिवाळ्यात रस्त्यांवर पसरतात ते चेशायरच्या खाणीतलं मीठ कोकणातल्या खाऱ्या हवेपेक्षा कमी नाही. "लिहून ठेवा," ते म्हणाले. माझ्या त्या वेळच्या अडाणी अक्षरातला तो शेरा चोपडीत अजून आहे. सप्टेंबरमध्ये टेस्टरनेही तोच लिहिला, तेव्हा मला जे वाटलं ते सांगायला संकोच वाटतो. महिन्याभरात मी पाइप बदलून घेतला.

जून 2021मध्ये बर्मिंगहॅमच्या मध्यभागी स्वच्छ हवेचा पट्टा आला. माझी डिझेल व्हॅन धुराच्या युरो 6 या निकषात बसत नव्हती, त्यामुळे आत शिरलं की दिवसाला आठ पौंड. तिथली लग्नाची कामं वाढत होती. पुढच्या वर्षी व्हॅन विकायला काढली.

घ्यायला आला तो दमणचा एक तरुण, पार्सल पोचवायचं काम करणारा. त्याने मोबाइलवर ताजी एमओटी बघितली, पास आहे म्हणाला आणि खिशात हात घातला. मी त्याला ओट्याशी बसवलं, चहा दिला, चोपडी दिली आणि खालून वर वाचायला सांगितलं. तो जरा वैतागला. पण वाचता वाचता सावरून बसला, सिलबद्दल विचारलं, वेल्डिंग दाबून पाहिलं, पुढचे टायर संपत आल्याचा शेरा दाखवून दोनशे पौंड कमी करायला लावले. मी केले. क्लच जड झालाय हे एमओटीत येत नाही, म्हणून तेवढं मीच सांगितलं.

संध्याकाळी मोटाभाईंना फोन केला. किती कमी केले म्हणून त्यांनी विचारलं. दोनशे, टायरसाठी.

"और क्लच का?"

त्याने मागितले नाहीत, मी म्हटलं.

"बताया था आपने?"

सांगितलं होतं.

"तर मग तो शिकतोय अजून," ते म्हणाले, "त्याला माझा नंबर द्या."